संक्षेप कोणासाठी? औषधपत्र, सूत्रशैली आणि वैद्याची लेखणी

संक्षेपाविषयीचा आदर वैद्याला वारशाने मिळतो. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्ती विद्यार्थिदशेत कानावर पडते आणि तेव्हापासून थोडक्यात लिहिणे म्हणजेच शास्त्रीय लिहिणे, अशी एक समजूत मनात घर करून राहते. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या आरंभीच आपला ग्रंथ अतिसंक्षिप्तही नाही आणि अतिविस्तृतही नाही, असे सांगून ठेवले आहे. संग्रहाचे १५० अध्याय हृदयात १२० झाले. आपण मात्र त्यातील ‘अतिविस्तृत नाही’ एवढाच अर्धा भाग उचलला आणि ‘अतिसंक्षिप्त नाही’ हा उरलेला अर्धा भाग सोयीने विसरलो.

प्रस्तुत लेखाचा विषय ग्रंथलेखन नसून आपण दररोज करतो ते लेखन हा आहे. औषधपत्र, रुग्णपत्रिका, क्वचित एखाद्या नियतकालिकासाठी लिहिलेला रुग्णानुभव आणि औषधी निर्मात्यांच्या दृष्टीने वेष्टनावरील मजकूर. यांपैकी औषधपत्राचा विचार अधिक विस्ताराने करावयाचा आहे. कारण त्याच ठिकाणी प्रस्तुत लेखकाच्या हातून प्रमाद घडला.

काही वर्षांपूर्वी चौथा महिना चालू असलेली एक गर्भिणी अम्लोद्गार व छातीतील जळजळ या तक्रारींसाठी आली. तिला लघुसूतशेखर लिहून दिले. सुवर्णगैरिक दोन भाग, शुंठी एक भाग आणि नागवेलीच्या पानांच्या रसाची भावना असा हा साधा कल्प वाचकांच्या परिचयाचा आहेच. चिठ्ठीवर मी ‘ल. सू. शेखर’ असे लिहिले. कागदाच्या डाव्या कडेला आधीच्या ओळीचा फराटा खाली उतरला होता, त्यात तो ‘ल.’ बुडाला. आठ दिवसांनी त्या भगिनी पुन्हा आल्या तेव्हा तोंडाला कोरड पडते म्हणाल्या आणि पिशवीतून डबी काढून पुढे ठेवली. डबी सूतशेखराची होती. योगरत्नाकरातील सूतशेखराच्या पाठात पारद, ताम्रभस्म, वत्सनाभ आणि धत्तूरबीज आहे, हे आठवण्यास मला क्षणही लागला नाही. पण तो क्षण मी विसरू शकलेलो नाही. औषध तत्काळ थांबविले. पुढे प्रसूती यथाकाल व सुखरूप झाली. काही विपरीत घडले नाही, याचे श्रेय मात्र माझ्या लेखणीकडे जात नाही.

त्याच सायंकाळी औषधी दुकानात गेलो. मालक वयाने वडील, तीस वर्षे आयुर्वेदीय औषधे विकणारे. मी काहीशा रागातच चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा लावून ती पाहिली आणि शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुमच्या चिठ्ठीत जे नसते ते आम्ही मनाने भरतो. रोज भरतो. आज चुकीचे भरले म्हणून तुम्हाला कळले.”

या उत्तरावर मी बरेच दिवस विचार केला. ‘जे नसते ते भरणे’ ही गोष्ट आपल्या शास्त्राला परकी नाही. उलट सूत्रशैलीचा सारा डोलारा तिच्यावरच उभा आहे. शार्ङ्गधराने पूर्वखंडाच्या पहिल्याच अध्यायात अनुक्ताची परिभाषा दिली आहे. काल सांगितला नसेल तर प्रातःकाल घ्यावा. वनस्पतीचे अंग सांगितले नसेल तर मूळ घ्यावे. प्रमाण सांगितले नसेल तर सर्व द्रव्ये समभाग घ्यावीत. पात्र सांगितले नसेल तर मातीचे घ्यावे. एकाच योगात एखादे द्रव्य दोनदा आले तर ते दुप्पट घ्यावे. म्हणजे जी पुनरुक्ती आपण लेखनदोष म्हणून खोडली असती, तिलाही येथे अर्थ आहे. नुसते ‘चंदन’ म्हटले असता चूर्ण, स्नेह, आसव व अवलेह यांत बहुधा श्वेतचंदन आणि कषाय व लेप यांत बहुधा रक्तचंदन, असाही संकेत आहे. कुडवापर्यंत द्रव, आर्द्र व शुष्क द्रव्यांचे मान समान, प्रस्थापासून पुढे द्रव व आर्द्र द्रव्ये दुप्पट. आणि त्यालाही गुडूची, कुटज, वासा, शतावरी इत्यादींचा अपवाद, कारण ही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावयाची असून त्यांना द्विगुण करावयाचे नाही.

हे सर्व नियम एकत्र पाहिले की एक गोष्ट स्पष्ट होते. ग्रंथकाराने शब्द गाळले, परंतु गाळलेल्या जागी काय वाचावयाचे ते आधी लिहून ठेवले. त्याचा संक्षेप हा वाचकाशी केलेला करार होता. त्रिकटु, पंचकोल, चातुर्जात, दशमूल ही नावे तरी दुसरे काय आहेत? दहा द्रव्यांची नावे प्रत्येक पाठात लिहिण्याऐवजी एक संज्ञा एकदाच बांधली आणि ती सर्वत्र एकाच अर्थाने वापरली. पाणिनीच्या प्रत्याहारांची रीत हीच. चरकाने सिद्धिस्थानाच्या अखेरीस ३६ आणि सुश्रुताने उत्तरतंत्रात ३२ तंत्रयुक्ती सांगितल्या, त्या तंत्र लिहिणाऱ्याइतक्याच वाचणाऱ्यासाठीही आहेत. वाक्यशेष कसा पूर्ण करावा, अर्थापत्तीने काय जाणावे, हे वाचकाला शिकविल्यावरच ग्रंथकाराने हात आखडता घेतला आहे.

आपली चिठ्ठी वाचणारा दुकानातील मुलगा तंत्रयुक्ती शिकलेला नसतो. ‘आ. व.’, ‘चं. प्र.’, ‘म. यो.’, ‘ल. मा. व.’ ही अक्षरे आपण कोणत्या परिभाषेच्या आधारे लिहितो? तशी परिभाषा कोठेही नाही. प्रत्येक वैद्याची स्वतःची आहे, ती त्याच्या शेजारच्या दुकानदाराला सवयीने कळते आणि रुग्ण दुसऱ्या गावी गेला की संपते. नुसते ‘सूतशेखर’ पूर्ण अक्षरांत लिहिले तरी सुवर्णयुक्त की साधे हा प्रश्न उरतोच. दुकानदार रुग्णाच्या पायातील चपला पाहून त्याचे उत्तर ठरवतो, असे मला एकाने हसत सांगितले होते. तो विनोद नव्हता. ‘लक्ष्मीविलास’ आणि ‘वसंत’ यांची गतही निराळी नाही. वसंतमालती, लघुमालिनी वसंत आणि वसंतकुसुमाकर यांच्या पाठांत, कार्यात व किमतीत केवढे अंतर आहे, ते औषधी विक्रेत्यांना सांगावयास नकोच.

एकाच शब्दाचे अनेक अर्थ हा आपल्या शास्त्रातील आणखी एक चकवा होय. ‘रस’ म्हणजे पारद, स्वरस, मधुरादी षड्रस, आद्य धातू किंवा मांसरस. प्रकरणाने अर्थ ठरतो. ‘कनक’ म्हणजे सुवर्ण आणि धोत्राही. कनकासवात सोने नसते, हे सांगितल्यावर विस्मित होणारे रुग्ण आपण पाहिलेले आहेत. ‘लोह’ हा अगुरूचाही पर्याय आहे. ‘अनंता’ म्हटल्यावर सारिवा की दूर्वा, हे संदर्भ पाहूनच ठरवावे लागते. रास्ना, ब्राह्मी आणि शंखपुष्पी यांच्या बाबतीत तर प्रांत बदलला की वनस्पतीच बदलते. एका स्मरणिकेचे मुद्रितशोधन करताना मला असे आढळले, की एका रसकल्पाच्या पाठातील ‘शिला’ हा शब्द अक्षरजुळणी करणाऱ्याने सद्भावनेने वाढवून ‘शिलाजित’ असा केला होता. रसग्रंथांत ‘शिला’ म्हणजे मनःशिला, अर्थात सोमलाचे गंधकयुक्त खनिज. मूळ लेखकाने दोन अक्षरे वाचविली होती. ती तशीच छापली गेली असती, तर कोणी वाचक ‘मनःशिले’च्या जागी शिलाजित घालून मोकळा झाला असता, आणि शिलाजिताच्या एखाद्या पाठात याच्या उलट घडले असते तर काय, याची कल्पनाही नकोशी वाटते.

अनुक्ताचा नियम रुग्णाच्या घरी कसा उलटतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मध व तूप यांचे. ‘चूर्ण मध-तुपातून घ्यावे’ असे आपण सर्रास लिहितो. प्रमाण लिहीत नाही, कारण मध व तूप सममात्रेत विरुद्ध होत, हे आपल्याला इतके ठाऊक असते की ते लिहिण्याची गरजच वाटत नाही. रुग्ण मात्र शार्ङ्गधर न वाचताही नेमका शार्ङ्गधराचाच नियम लावतो. प्रमाण सांगितले नाही, तेव्हा दोन्ही सारखे. एक चमचा मध, एक चमचा तूप. म्हणजे आपल्या संक्षेपातून नेमके तेच उत्पन्न होते, जे चरकाने मात्राविरुद्ध म्हणून निषिद्ध मानले आहे. येथे ‘विषम प्रमाणात’ हे शब्द लिहूनही भागत नाही. ‘मध १ चमचा, तूप २ चमचे’ असेच लिहावे लागते.

औषधसेवनकालाचेही असेच आहे. सुश्रुताने दहा काल सांगितले आहेत. आपल्याकडील अनेक वैद्य ‘अपाने’, ‘व्यानोदाने’, ‘समाने’ असे लिहितात. हे शब्द उत्तम आहेत. एका शब्दात वेळही येते आणि ती वेळ का निवडली हेही येते. रुग्णपत्रिकेत ते अवश्य असावेत, कारण ती आपण स्वतः किंवा दुसरा वैद्य वाचणार. परंतु हीच अक्षरे चिठ्ठीवर उतरली की ती रुग्णाला गूढ वाटतात. त्यावर उपाय म्हणून पाश्चात्त्य पद्धतीने ‘२-०-२’ लिहावे, तर दहा कालांचे दोनच उरतात. ‘जेवणापूर्वी’ हा मराठी शब्दही पुरेसा नाही. प्राग्भक्त म्हणजे पहिल्या घासाच्या अगदी आधी. रुग्ण ‘जेवणापूर्वी’चा अर्थ तासभर आधी असा घेतो आणि मग ते जवळजवळ अभक्तच होते. ‘ताटावर बसल्यावर, पहिल्या घासाआधी’ एवढे चार शब्द लिहिण्यास किती वेळ लागतो? मी मोजून पाहिला आहे, दहा सेकंदांच्या आत काम होते.

अंकांविषयी एक सूचना औषधी विक्रेत्यांकडूनच आली, ती येथे नोंदवितो. अर्ध्यासाठी एक, तिरकी रेघ आणि दोन असे लिहिले की घाईत ते ‘एक ते दोन’ असे वाचले जाते. अर्धा चमचा त्रिवृत् चूर्णाच्या जागी दोन चमचे गेले तर रात्र कशी जाईल ते सांगावयास नको. तेथे अक्षरात ‘अर्धा’ लिहावे. दुसरे असे, की एकाच चिठ्ठीवर देवनागरी व इंग्रजी अंकांची सरमिसळ करू नये. आपला एक इंग्रजी नवासारखा, आपला चार इंग्रजी आठासारखा, आणि घाईत काढलेला आपला सात उलट्या इंग्रजी सहासारखा दिसतो. कोणत्याही एका लिपीत लिहावे, पण शेवटपर्यंत त्याच लिपीत लिहावे.

आता व्याकरणाकडे. व्याकरण हा पंडितांचा छंद आहे, वैद्याला त्याचे काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ‘ताप आल्यास काढा व गोळ्या बंद ठेवाव्यात’ हे वाक्य मीच एका पथ्यपत्रकात लिहिले होते. ताप आल्यावर काढा घ्यावयाचा आणि गोळ्या बंद करावयाच्या, की दोन्ही बंद? रुग्णांनी दोन्ही अर्थ घेतले आणि दोघांचेही व्याकरण निर्दोष होते. ‘ताप आल्यास गोळ्या बंद कराव्यात; काढा चालू ठेवावा’ असे लिहावयास हवे होते. तसेच ‘उपाशीपोटी नको जेवणानंतर’. स्वल्पविराम ‘नको’च्या आधी की नंतर, यावर सारे पथ्य अवलंबून आहे. वाक्यातून क्रियापद गाळणे ही आपली सर्वांत जुनी खोड. क्रियापद असते तर ‘उपाशीपोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावे’ असे होऊन शंकेला जागाच राहिली नसती. संक्षेप करावयाचाच असेल तर विशेषणे गाळावीत, क्रियापद व विभक्तिप्रत्यय यांना हात लावू नये.

शुद्धलेखनाबाबत एकच नियम सांगतो, कारण आपल्या लेखांत तोच सर्वाधिक मोडलेला दिसतो. संस्कृतातील ऱ्हस्व इकारान्त व उकारान्त शब्द मराठीत स्वतंत्रपणे येतात तेव्हा त्यांचा शेवट दीर्घ होतो. समासाच्या पूर्वपदी ते ऱ्हस्वच राहतात. म्हणून ‘अग्नी’ परंतु ‘अग्निमांद्य’, ‘कृमी’ परंतु ‘कृमिघ्न’, ‘अस्थी’ परंतु ‘अस्थिभग्न’, ‘धातू’ परंतु ‘धातुक्षय’. ‘अग्नीमांद्य’ लिहिल्याने कोणाचा अग्नी मंद होणार नाही, हे खरे. पण ‘शिर’ आणि ‘शीर’ यांत मस्तक व रक्तवाहिनी एवढा भेद आहे, ‘कुष्ठ’ व ‘कोष्ठ’ यांत तर बोलावयासच नको. आणि जेथे अर्थ बदलत नाही तेथे सवय लागली, तरच जेथे बदलतो तेथे हात सावध राहतो.

येथवर संक्षेपाचे दोष सांगितले. विस्ताराचेही तितकेच आहेत, किंबहुना रुग्णानुभव लिहिताना आपण दुसऱ्या टोकाला जातो. चरकाने विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वाक्याचे पाच दोष सांगितले आहेत: न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक व विरुद्ध. औषधपत्रात न्यून हा दोष, तर नियतकालिकातील लेखांत अधिक हा. तोच अर्थ पर्यायशब्दांनी पुन्हा सांगणे हेही चरकाने अधिकातच गणले आहे. पदवी घेतल्यानंतर मी लिहिलेल्या पहिल्या रुग्णानुभवातील एक वाक्य जसेच्या तसे देतो:

‘सदर रुग्णामध्ये अग्निमांद्यमूलक आमदोषोत्पत्तिजन्य स्रोतोरोधजनित संधिशूलशोथस्तंभादि लक्षणसमुच्चय दृष्टिपथात आल्याने आमपाचनार्थ योग्य त्या चिकित्सेचे अवलंबन करण्यात आले.’

वाक्य व्याकरणशुद्ध आहे. समासही बहुतेक बरोबर आहेत. परंतु ते वाचून दुसऱ्या वैद्याला काय करता येईल? ‘योग्य ती चिकित्सा’ कोणती, किती दिवस, आम पचला हे कशावरून ओळखले, यांपैकी काहीच त्यात नाही. ‘करण्यात आले’ या प्रयोगाने तर करणाराही अदृश्य झाला. आज तेच मी असे लिहीन:

‘रुग्णाला भूक नव्हती, जिभेवर पांढरा थर होता आणि सकाळी दोन तास बोटे मिटत नसत. म्हणून पहिले सात दिवस स्नेहन टाळून केवळ शुंठीसिद्ध जल व लघु आहार दिला. पाचव्या दिवशी जीभ स्वच्छ झाली. आखडणे अर्ध्या तासावर आले. त्यानंतर एरंडस्नेह सुरू केला.’

शब्द मोजले तर दुसरा मजकूर पहिल्याहून मोठा भरेल. तरीही मी त्यालाच संक्षिप्त म्हणेन, कारण त्यातील एकही वाक्य काढता येत नाही. पहिल्यातील अर्धे शब्द काढले तरी काहीच कमी होत नाही. संज्ञा टाळाव्यात असे मात्र माझे म्हणणे नाही. ‘साम’ आणि ‘निराम’ या दोन शब्दांत जे आहे ते सांगण्यास मराठीत परिच्छेद लागेल. वैद्यांसाठी लिहिताना ते शब्द वापरावेतच. लक्षणे आधी आणि संज्ञा नंतर, एवढा क्रम ठेवला तरी पुष्कळ झाले.

वेष्टनाविषयी थोडेसे. औषधे नियम, १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्यांची यादी, परवाना क्रमांक, निर्मितिगट क्रमांक इत्यादी मजकूर आवश्यक असून, अनुसूची ई (१) मधील वत्सनाभ, धत्तूर, पारद यांसारखे द्रव्य असलेल्या आभ्यंतर औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापणे बंधनकारक आहे. उपर्युक्त भगिनींच्या डबीवरही ती होती. मुंगीएवढ्या अक्षरांत, डबीच्या वळणावर. ती त्यांनी वाचली नाही, दुकानातील मुलानेही नाही, आणि खरे सांगावयाचे तर मीही त्या दिवशी प्रथमच वाचली. निर्मात्यांनी नियमापलीकडे जाऊन ती मराठीतही द्यावी, त्यासाठी गुणवर्णनातील दोन ओळी कमी कराव्यात, अशी विनंती करावीशी वाटते. गुणवर्णन रुग्णापर्यंत इतर मार्गांनीही पोहोचत असतेच.

आता माझ्या चिठ्ठीत कल्पाचे नाव पूर्ण असते. त्यानंतर गोळीचे वजन, संख्या, वेळ, अनुपान प्रमाणासह आणि किती दिवस, असा क्रम. उदाहरणार्थ: ‘लघुसूतशेखर वटी, २५० मि.ग्रॅ., २ गोळ्या सकाळी व २ रात्री, जेवणानंतर लगेच, कोमट पाण्याबरोबर, ७ दिवस. रुग्ण गर्भिणी आहे.’ शेवटचे वाक्य दुकानदारासाठी आहे. त्यांनी चुकीची डबी हातात घेतलीच, तर ते वाचून थबकावे, म्हणून. एका चिठ्ठीस पूर्वीपेक्षा सुमारे एक मिनिट अधिक लागते. गर्दीच्या दिवशी ते जाणवते आणि अशा दिवशी हात जुन्या वळणावर जातो, हेही कबूल करतो.

संक्षेप पूर्णपणे सोडणे शक्य नाही, तेव्हा त्याला परिभाषा द्यावी, हा विचार आम्ही गावातील चार वैद्य व तीन औषधी विक्रेते यांनी मिळून केला. प्रत्येकाने आपण वापरतो ती संक्षिप्त रूपे लिहून आणली. चौघांची मिळून साठाच्या वर भरली आणि त्यांतील नऊ रूपांचे दोन दोन अर्थ निघाले. ‘आ. पा.’ एकाची आमपाचक वटी, तर दुसऱ्याचा आमलकी पाक. चर्चेअंती चौदा ठेवली, बाकीची सोडली. ती यादी मोठ्या अक्षरांत तिन्ही दुकानांच्या गल्ल्यामागे लावलेली आहे. यादीत नसलेले संक्षिप्त रूप चिठ्ठीवर आले तर औषध न देता दूरध्वनी करावयाचा, असे ठरले आहे. पहिल्या महिन्यात मला अकरा दूरध्वनी आले. अन्य शाखांतील सभासदांनी आपापल्या तालुक्यात अशी यादी केली असल्यास तिची प्रत संपादकांकडे पाठवावी. शेजारच्या तालुक्यातील ‘आ. पा.’ कोणते, हे आम्हाला अद्याप विचारून घ्यावयाचे आहे.